आक्काची हरकत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोकळी जागा होती. ती कुणाची हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, त्यामुळे ती आक्काची होती. कागदोपत्री नव्हे. पण मला कळायला लागल्यापासून तिथं आक्काच्या चार म्हशी बांधलेल्या असायच्या, कडेला शेण्या वाळत असायच्या, आणि सकाळ झाली की चरवी, तांब्या, पितळी डबा, हाताला लागेल ते घेऊन सगळी गल्ली तिथं उभी राहायची. आक्का डोळ्यांसमोर धार काढायची आणि डोळ्यांसमोरच ओतायची. तालमीतले पैलवान तर तिथंच उभ्यानं फेसासकट पेला तोंडाला लावायचे आणि मिशा पुसत निघून जायचे.

आक्का आमची कुणीच लागत नव्हती, पण माझे वडीलही तिला आक्काच म्हणायचे. नवरा तरुणपणीच गेलेला. एक मुलगी, ती जयसिंगपूरला दिलेली. जावई स्वभावानं चांगला होता. 'आता इकडंच या राहायला' असं तो दर दिवाळीला म्हणायचा आणि आक्का दर दिवाळीला त्याला उडवून लावायची. "लेकीच्या घरी चार दिस पावणी म्हणून जावं," ती आम्हाला सांगायची. "राह्याला गेलं की मग माणूस भाकरी मोडताना बी इच्यारतंय, मोडू का म्हणून." म्हशी होत्या तोवर तिला कुणाला काही विचारायची गरज नव्हती. तिचं सगळं चालणं-बोलणं, तिची ऐट, तिचा तो खणखणीत आवाज, हे सगळं त्या चार म्हशींच्या जोरावर होतं, आणि म्हशी त्या जागेच्या जोरावर.

आवाज मात्र असा की दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जावा. एकदा एका नव्या भाडेकरूनं दूध पातळ आहे अशी शंका काढली. आक्का धार काढता काढता मान वर न करता म्हणाली, "पाणी पायजे तर नळावर जा की पावणं. म्हशीकडं कशाला आलाईसा?" पुढं तो गृहस्थ दहा वर्षं गल्लीत राहिला, पण दुधाबद्दल ब्र काढला नाही.

मला तिचं हे बोलणं आवडायचं आणि त्याची लाजही वाटायची. लाज वाटण्याचं कारण सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो, गेलो, जेवलो' असंच म्हणतात. मीही म्हणायचे. शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी मी एक वर्ष पुण्याला वसतिगृहात राहिले. तिथं पहिल्याच दिवशी मी "मी जेवलो" म्हणाले, तर चार मुली पोट धरून हसल्या. त्या हसण्यानं माझ्यावर असा काही परिणाम केला की वर्षभरात मी त्यांच्यापेक्षा शुद्ध बोलायला लागले. परत येऊन राजारामपुरीतल्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले, आणि घरीदारी, नळावर, दुधाच्या रांगेत, जिथं तोंड उघडेन तिथं लोकांना दुरुस्त करायला लागले. आई म्हणायची, "पुण्याहून ही पदवी घेऊन आली का तपासनिसाची नोकरी?" मी मनावर घेतलं नाही.

सत्तरच्या दशकाचा मध्य असावा. एके दिवशी तालमीच्या भिंतीवर सरकारी कचेरीचा एक टंकलिखित कागद चिकटवलेला दिसला. आमच्या त्या मोकळ्या जागेवर एक मोठं सहकारी भांडार बांधायचं घाटत होतं. तीन मजली. धान्य, तेल, कापड, भांडी, वह्या, सगळं एकाच ठिकाणी मिळणार. ज्या रहिवाशांची हरकत असेल त्यांनी ती पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी, त्यानंतर जागेवर चौकशी होईल, असं खाली लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर सभा भरली. सभा म्हणजे आमच्याकडं सगळ्यांनी एकदम बोलायचं. मालट्रका गल्लीत शिरणार कुठून? समोरासमोर दोन सायकली आल्या तर एकाला उतरावं लागत होतं. पाण्याची धार आधीच करंगळीएवढी, ती तीन मजले चढली की आमच्या नळाला काय राहणार? गणपतीचा मांडव कुठं घालायचा? परगावचे लोक येणार, दारात सायकली लावणार, भिंतीला पिचकाऱ्या मारणार. बायकांनी दारात बसून भाजी निवडायची सोय राहणार नाही. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार एवढा वेळ गप्प बसून होता. सगळ्यात मोठं संकट त्याच्यावरच येणार होतं, पण बोललं तर आपला स्वार्थ दिसेल म्हणून तो बिचारा मूग गिळून बसला होता.

आणि खरं सांगायचं तर विरोध सगळ्यांच्या पोटात सारखा नव्हता. ते टंचाईचे दिवस होते. रव्यासाठी रांग, डालड्यासाठी रांग, रॉकेलसाठी तर विचारू नका. सभेहून घरी आल्यावर आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तिथं म्हणे डाळीत खडे नसतात. पुड्यात बांधून देतात." मी तिच्यावर चिडले. आक्काचं काय होईल याचा विचार केलास का, म्हणाले. ती म्हणाली, "केला की. पण पंचवीस वर्षं खडे मी निवडतेय, तू नव्हेस." पुड्यातल्या स्वच्छ डाळीचा मोह मलाही पडला होता, हे मी तिला सांगितलं नाही.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं. अक्षर चांगलं आणि वर मराठीची बाई, म्हणजे आयतीच सापडले होते. मी दोन पानी झकास अर्ज लिहिला आणि तो समोरच्या वकीलकाकांना दाखवायला घेऊन गेले. काकांची वकिली फार चालत नसे, पण डोकं चालत असे. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "भाषा सुरेख आहे. उपयोग शून्य आहे. गर्दी होईल, धूळ उडेल, पाणी कमी पडेल, हे प्रत्येक अर्जात असतं. कचेरी ते वाचून बाजूला ठेवते. तुमच्याकडं खरी गोष्ट एकच आहे. त्या जागेवर एका बाईची इतक्या वर्षांची वहिवाट आहे. चौकशीला कारकून येईल तेव्हा त्या बाईनं ठामपणे हरकत आहे असा जबाब दिला पाहिजे. तो जबाब कागदावर आला, तर त्यांना पुढं जाणं जड जाईल. नाही आला, तर तुमच्या सह्या धुऊन प्या."

म्हणजे गल्लीची सगळी मदार आक्कावर आली. आणि आक्काची मदार, मी ठरवून टाकलं, माझ्यावर.

आक्काला बोलायला शिकवायला निघालेली मी! आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो. ज्या बाईच्या एका 'नगं'नं माणसं मागं सरत, तिला मी नकार द्यायला शिकवत होते. पण तेव्हा मला खरोखर धास्ती वाटत होती. ही बाई कारकुनाला शिव्या घालील, म्हशीचं शेण दाखवील, तो बिथरेल आणि सगळंच बिघडेल. म्हणून चार-पाच संध्याकाळी मी तिच्या दारात पायरीवर बसून तिची शिकवणी घेतली.

"आक्का, कमरेवर हात ठेवायचा नाही. डोक्यावर पदर घ्यायचा. आवाज हळू. आणि तो विचारील, इथं भांडार व्हायला तुमची काही हरकत आहे का? तेव्हा म्हणायचं, आमची सक्त हरकत आहे."

"म्हंजी काय म्हणायचं?"

"आमची सक्त हरकत आहे."

"हरकत हाय?" तिनं तोंड वाकडं केलं. "ह्ये कसलं गं बोलणं? हरकत न्हायच असती. हरकत हाय असं कोण म्हणतंय का कवा?"

मी हसले. खरं तर मी तिथंच थांबायला हवं होतं. तिनं जे सांगितलं ते अगदी खरं होतं, आणि भाषेची बाई असून ते माझ्या लक्षात यायला नको होतं का? चहा घेणार? हरकत न्हाय. उद्या पैसे दिले तर चालतील? हरकत न्हाय. आमच्या बोलण्यात हरकत येते ती 'न्हाय'चा हात धरूनच. एकट्या हरकतीला कुणी कधी दारात उभं केलेलं नाही. पण मी तिला समजावलं की कायद्याची भाषा वेगळी असते. तिनंही मान डोलावली, कारण मी शिकलेली होते आणि तिच्या बाजूची होते.

"साधं नगं म्हटलं तर चालंल न्हवं?" तिनं एकदा विचारलं.

"नको आक्का. अडाणी वाटतं ते."

हे मी म्हणाले. या शब्दांत.

आणखी एक उद्योग मी केला. जबाबाखाली अंगठा उठवावा लागेल म्हटल्यावर मला ते बरं वाटेना. मी तिला पाटीवर तिचं नाव गिरवायला शिकवलं. म्हशीची कास हलकेच धरणारी तिची बोटं पेन्सिल मात्र मोडेल इतकी घट्ट धरायची. चार दिवसांत तिला सही जमली. अक्षरं एकमेकांना टेकून उभी होती, पण होती. तिनं ती पाटी पुसू दिली नाही, कोनाड्यात देवांशेजारी ठेवून दिली.

कारकून आला तो दिवसा, अकराच्या सुमारास. मी शाळेत होते. संध्याकाळी घरी येते तर आक्का गल्लीच्या तोंडाशी माझी वाट बघत उभी. डोक्यावर पदर तसाच होता.

"आला आन गेला बी," ती म्हणाली. "पदर घेतलो. दूध दिलो त्येला पेलाभर, कोऱ्या पेल्यातनं. तू सांगिटलंस तस्संच बोललो बघ. सक्त हरकत. आन सही दिलो. त्यो म्हणाला, बाई तुमाला सही येते व्हय?"

तिचा चेहरा इतका खुलला होता की मी आणखी काही विचारलं नाही. आम्ही दोघी तिथंच दगडावर बसलो आणि तिनं मला सहीची गोष्ट तीनदा सांगितली.

महिन्याभरानं निकालाचा कागद आला. रहिवाशांच्या हरकतींचा विचार करून त्या अमान्य करण्यात येत आहेत. सदर जागेची वहिवाट असणाऱ्या बाईंनी प्रत्यक्ष चौकशीत आपली हरकत नसल्याचं सांगितलं आहे. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. काय झालं असेल ते मला तिथल्या तिथं कळलं. पण खात्री करून घ्यायला हवी होती. मी सुट्टी टाकली आणि वकीलकाकांबरोबर कचेरीत गेले. आमच्या पुढ्यात फाईल आली. जबाब तीन ओळींचा होता. 'सदर ठिकाणी भांडार होणेस आमची काही हरकत नाही.' खाली ती एकमेकांना टेकून उभी राहिलेली अक्षरं.

परत आल्यावर मी आक्काच्या शेजारणीला हळूच गाठलं. ती त्या वेळी दारातच होती. तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं, अगदी कौतुकानं. कारकुनानं विचारलं, बाई, इथं भांडार झालं तर तुमची काही हरकत? आक्कानं पदर सावरला आणि मांडीवर थाप मारून म्हणाली, "आमची सक्त हरकत न्हाय! न्हाय म्हंजी न्हाय!"

"अशी ठणकावून बोलली म्हणतीस, त्यो बघतच राहिला," शेजारीण म्हणाली. तिलाही यात काही चुकलंय असं वाटलं नव्हतं. का वाटावं? आक्काच्या लेखी नकार त्या 'न्हाय'मध्ये होता. जन्मभर तिनं ज्याला ज्याला परतवलं ते त्या एका शब्दानं. आडवंतिडवं होतं ते माझं 'हरकत' हे मधलं सोंग. ते तिनं माझ्याखातर पुढं घातलं आणि मागून आपलं खरं उत्तर दिलं.

कारकुनाला ते कळलं नसेल? मांडीवर थाप मारून कुणी संमती देतं का? मला वाटतं त्याला कळलं होतं. पण त्याच्या हातात लिहून घ्यायला सोयीचं वाक्य पडलं होतं, आणि पेलाभर दूध पिऊन तो निघून गेला. त्याचा राग मी पुष्कळ वर्षं पोसला. तो राग होता म्हणून निदान स्वतःवरचा थोडा कमी व्हायचा.

जबाब बदलून देता येईल का, मी वकीलकाकांना विचारलं. ते म्हणाले, "अंगठा असता तर म्हणता आलं असतं, अशिक्षित बाई आहे, वाचून दाखवलं नाही, समजलं नाही. पण सही आहे ना." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "सही कधी शिकली ती?" काका शहाणे होते, त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि गल्लीत कुठं बोललेही नाहीत.

गल्लीनं कचेरीला यथेच्छ शिव्या दिल्या. सगळं आधीच ठरलेलं होतं, चौकशी म्हणजे नाटक होतं, असंच सगळ्यांचं मत पडलं. आक्का तर सगळ्यांत पुढं. "मी तोंडावर न्हाय म्हटलो, तरी बी ल्हिवायचं त्येच ल्हिवलं भाड्यांनी!" कट्ट्यावर ती हे सांगायची आणि साक्षीला माझ्याकडं बोट करायची. मी मान हलवायचे.

दिवाळीनंतर खडी येऊन पडली. पाया खणायला लागले तसं म्हशींना पुढं सरकावं लागलं, मग आणखी पुढं, मग रस्त्यावर. तिच्या घरापुढं जेमतेम एक म्हैस मावत होती. पहिल्या दोन तिनं राधानगरीकडच्या एका ओळखीच्या माणसाला दिल्या, तिथं चारा-पाणी भरपूर म्हणून. तिसरी वडणग्याला गेली. चौथी तिनं वर्षभर दारात ठेवली, पण येणाजाणाऱ्यांच्या सायकली, ट्रकांचे भोंगे, यानं ती बिथरायची, पान्हा चोरायची. शेवटी तीही गेली. त्या दिवशी आक्कानं दारातलं शेण स्वतः काढलं, जागा सारवली आणि दुपारी झोपली. दुपारी झोपलेली आक्का मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

भांडार झालं. गल्लीनं ज्या ज्या भीती सांगितल्या होत्या त्यांतल्या निम्म्या खऱ्या ठरल्या, निम्म्या नाही. ट्रका आल्या, पाणी गेलं. गणपतीचा मांडव पुढच्या चौकात सरकला. कोपऱ्यावरचा दुकानदार तग धरून राहिला. आई पहिल्याच आठवड्यात पिशवी घेऊन गेली आणि डाळीचा पुडा घेऊन आली. डाळीत खडे नव्हते. मीही जायला लागले. बाटलीतलं दूध तिथंच मिळायचं, ते आणायचं काम माझ्याकडं होतं.

पुढच्या वर्षी आक्का जयसिंगपूरला गेली. जावई न्यायला आला होता. तो तिकीट काढायला गेला तेव्हा एस. टी. स्टँडवर मी आणि ती अशा दोघीच तिच्या ट्रंकेजवळ उभ्या होतो. मी आदल्या रात्रभर ठरवलं होतं की आज सांगायचं. काय झालं ते, कुणाच्या चुकीनं झालं ते, सगळं. तिला माझ्या तोंडात मारायची संधी तरी मिळायला हवी होती.

तिनंच विषय काढला. हळू आवाजात, मी शिकवला होता तितक्याच हळू.

"पोरी, एक सांग. त्या दिशी मी काय चुकीचं बोललो न्हवतो न्हवं? कवाकवा वाटतंय, आपलंच काय तरी चुकलं आसंल. तू शिकलेली हाईस, तुला कळतंय. खरं सांग."

तिचे डोळे माझ्या तोंडाकडं लागले होते. जायच्या ठिकाणी तिला भाकरी मोडतानाही विचारावं लागणार होतं. तिच्याजवळ स्वतःचं असं एवढंच उरलं होतं, की आपण तोंडावर न्हाय म्हटलं.

"नाही आक्का," मी म्हणाले. "तू अगदी बरोबर बोललीस."

तिनं मोठा श्वास सोडला. खांदे सैल झाले. मग कमरेवर हात ठेवून, स्टँडवरच्या चार माणसांनी वळून बघावं अशा आपल्या जुन्या आवाजात ती म्हणाली, "मग त्या मुडद्यांस्नी मराठीच येत न्हाय म्हणायचं!"

"हो," मी म्हणाले. "त्यांना मराठी येत नाही."